‘सर्वमन्दिरा’ नौका आणि ‘डेक’ : एका शब्दार्थाची परीक्षा

१

भोजराजाच्या नांवावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ ग्रंथांतील नौकाप्रकरण इतिहाससंशोधकांस नवें नाहीं. प्राचीन भारतीयांच्या दर्यावर्दी उद्योगाविषयीं कोणीं लेखणी उचलली कीं, त्यांतील सर्वमन्दिरा, मध्यमन्दिरा व अग्रमन्दिरा हीं तीन नांवें हटकून पुढें येतात. या नांवांतील ‘मन्दिर’ शब्दाचा अर्थ करतांना मात्र एक सैलपणा अंगवळणीं पडत चालला आहे. ‘मन्दिर’ म्हणजे जहाजाचा डेक. सर्वमन्दिरा म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग डेक असलेली नौका. मध्यमन्दिरा म्हणजे मध्यापुरता डेक असलेली. आणि अग्रमन्दिरा म्हणजे पुढील भागीं डेक असलेली, असें हें समीकरण आहे. तें व्याख्यानांतून ऐकूं येतें, टांचणांत उतरतें, आणि एकदां उतरलें म्हणजे पुरावा म्हणून पुढें केलें जातें.

एका शब्दाचा अर्थ थोडा इकडचा तिकडे झाला तर बिघडलें काय, असें कोणी विचारील. बिघडतें तें असें. डेक हें जहाजाच्या बांधणीचें अंग आहे. त्यानें जहाजाचें पोट झांकलें जातें, लाट वर आली तरी तिचें पाणी एकदम आंत शिरत नाहीं, जहाजाच्या दोन्ही कुशी परस्परांस आवळल्या जातात, आणि माणसांस वावरण्यास व पुढील काळांत तोफा मांडण्यास भक्कम पृष्ठ मिळतें. कोणत्या किनाऱ्यावर कोणत्या शतकांत सलग डेकचीं जहाजें बांधलीं जात होतीं, हा नौकाबांधणीच्या इतिहासांतील मोठा प्रश्न आहे. असा प्रश्न एका शब्दाच्या भाषांतरानें परस्पर निकालांत काढला, तर अकराव्या शतकांत आमच्याकडे पूर्ण डेकचीं जहाजें होतीं हें विधान मूळ ग्रंथाच्या नांवावर जमा होतें. ग्रंथ तें बोलत नसेल, तर आपण पूर्वजांस खोटी साक्ष द्यावयास लावतों. म्हणून या शब्दाची परीक्षा करणें अवश्य झालें आहे.

२

प्रथम ग्रंथाविषयीं. डॉ. राधाकुमुद मुकर्जी यांनीं १९१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या भारतीय नौकानयनावरील इंग्रजी पुस्तकांत कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजांतील हस्तलिखिताच्या आधारें हें प्रकरण विस्तारानें मांडलें. मूळ ग्रंथ पंडित ईश्वरचंद्र शास्त्री यांनीं संपादिला व तो १९१७ सालीं कलकत्ता ओरिएंटल सीरीजमध्यें छापला गेला. धारेचा परमार राजा भोज हा अकराव्या शतकाच्या पूर्वार्धांतला. ग्रंथ त्याच्या हातचा कीं त्याच्या आश्रयांतला, हा वाद येथें बाजूस ठेवला तरी चालेल. लक्षांत ठेवावयाची गोष्ट इतकीच कीं, मुकर्जींनीं ‘मन्दिर’ शब्दाचा इंग्रजी प्रतिशब्द ‘कॅबिन’ असाच दिला होता. ‘कॅबिन’चा ‘डेक’ झाला तो पुढील हातांत.

आतां प्रकरणाची रचना पाहूं. ग्रंथकार नौकांचे सामान्य व विशेष असे दोन वर्ग करतो. सामान्य वर्गांत क्षुद्रा, मध्यमा, भीमा, चपला यांपासून मन्थरेपर्यंत दहा जाती आहेत. सर्वांत लहान क्षुद्रा ही सोळा हात लांब, चार हात रुंद व चार हात उंच. सर्वांत मोठी मन्थरा ही एकशें वीस हात लांब, साठ हात रुंद व साठ हात उंच. विशेष वर्गांत लांबीवरून ‘दीर्घा’ व उंचीवरून ‘उन्नता’ असे दोन पोटभेद आहेत. त्यानंतर सजावट येते: कूपकांची म्हणजे डोलकाठ्यांची संख्या व त्यानुसार रंग, आणि मुखाच्या ठिकाणीं सिंह, महिष, सर्प, हत्ती, वाघ इत्यादिकांच्या आकृति. यानंतर मन्दिरावरून होणारे तीन भेद सांगितले आहेत.

या तीन भेदांच्या आरंभींच ग्रंथकार एक शब्द वापरतो, आणि आमच्या मतें सगळा निर्णय त्या शब्दांत आहे. तो शब्द ‘सगृहा’. जी नौका सगृह, म्हणजे घरासह आहे, ती तीन प्रकारची. आणि ते तीन प्रकार म्हणजे सर्वमन्दिरा, मध्यमन्दिरा व अग्रमन्दिरा. येथें गृह हें सामान्य आणि मन्दिराची जागा हा विशेष. वर्ग सांगतांना ‘गृह’ म्हटलें व पोटभेद सांगतांना ‘मन्दिर’ म्हटलें. दोन्ही शब्दांनीं एकच वस्तु सांगितली. मीमांसकांनीं तात्पर्यनिर्णयाचीं जीं सहा लिंगें सांगितलीं आहेत, त्यांत उपक्रम व उपसंहार यांची एकवाक्यता पहिली. ज्या प्रकरणाचा उपक्रम गृहानें झाला, त्याच्या पोटांतील ‘मन्दिर’ शब्दाचा अर्थ फळ्यांची तक्तपोशी असा करणें म्हणजे उपक्रम पुसून टाकणें होय.

३

कोशाची साक्षही हीच आहे. अमरसिंहानें ‘मन्दिर’ हा शब्द पुरवर्गांत गृहाच्या पर्यायांत, भवन व आगार यांच्या शेजारीं बसविला आहे. देवालय हा आजच्या मराठींतला रूढ अर्थ त्याच गृहवाचक अर्थाचा संकोच आहे; देवाचें घर तें देवमन्दिर, आणि पुढें नुसतें मन्दिर. व्युत्पत्ति पाहिली तर हा शब्द ‘मदि’ धातूपासून साधतात, व धातुपाठांत या धातूच्या अर्थांत मोद व स्वप्न हे दोन अर्थ येतात. जेथें माणूस सुखानें राहातो वा निजतो तें मन्दिर. पायाखालच्या पृष्ठाचा अर्थ यांत कोठून आणावयाचा ?

तोच अमरसिंह वारिवर्गांत नौकेच्या अंगांची नांवें देतो. डोलकाठीस कूपक व गुणवृक्षक, वल्ह्यास नौकादण्ड व क्षेपणी, सुकाणूस अरित्र व केनिपातक, पाणी उपसण्याच्या भांड्यास सेकपात्र व सेचन. डेक या अर्थाचा शब्द त्या यादींत नाहीं. अमराच्या मौनावरून डेक नव्हता असें मी म्हणत नाहीं. कोश हा जहाजाच्या कारखान्याचा हिशेब नव्हे. परंतु नौकेच्या अंगांचा कोश ज्या शब्दास जागा देत नाहीं, आणि घरांचा कोश ज्यास जागा देतो, तो शब्द नौकेच्या अंगाचें नांव म्हणून घ्यावयाचा असेल तर त्यास तितकाच बळकट प्रयोग दाखविला पाहिजे. तो अद्याप कोणीं दाखविलेला माझ्या पाहाण्यांत नाहीं.

४

आतां फल, म्हणजे प्रयोजन. ग्रंथकारानें प्रत्येक प्रकाराचा उपयोग सांगून आपलें काम पुष्कळ सोपें केलें आहे. सर्वमन्दिरा ही राजाचा कोश, घोडे व स्त्रिया यांच्या वाहतुकीस. मध्यमन्दिरा ही राजाच्या विलासयात्रेस व पावसाळ्यांत. अग्रमन्दिरा ही लांबच्या प्रवासास, युद्धास, व ‘घनात्यय’ म्हणजे मेघ ओसरल्यानंतरच्या काळास योग्य.

हे उपयोग दोन्ही अर्थ धरून लावून पाहावे. ‘मन्दिर’ म्हणजे डेक धरला, तर मध्यमन्दिरा ही फक्त मध्यभागीं डेक असलेली व दोन्ही टोकांस उघडी नौका होते. अशी नौका कोणता सुतार बांधील ? कोंकणच्या किनाऱ्यावर ज्यांनीं लहान गलबतें व मचवे पाहिले आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, अर्धवट झांकलेल्या नौकेंत आधीं पुढचें व मागचें टोंक झांकतात व मधला भाग मालासाठीं उघडा ठेवतात. लाट प्रथम येते ती टोकांवर, आणि माल चढतो उतरतो तो मध्यांतून. मधला भाग झांकून टोंकें उघडीं टाकणें हा उलटा न्याय झाला. उलटपक्षीं ‘मन्दिर’ म्हणजे घर धरलें, तर मध्यभागीं घर असलेली विलासनौका ही डोळ्यांपुढें सहज उभी राहाते, आणि पावसाळ्याचा उल्लेखही सार्थ होतो. कारण पावसापासून बचाव हवा तो वर बसणाऱ्या माणसाचा, आणि तो डेकनें होत नाहीं, छपरानें होतो.

अग्रमन्दिरेचेंही तसेंच. डेकचा अर्थ घेतल्यास सर्वांत लांबच्या प्रवासास सर्वांत कमी झांकलेली नौका पाठविली, असें ग्रंथकाराचें मत ठरतें. घराचा अर्थ घेतल्यास विसंगति उरत नाहीं. वरचें घर जितकें मोठें तितका जहाजाचा भार वर सरकतो व वारा त्यास अधिक धरतो. म्हणून भर समुद्रांत व लढाईंत घर आटोपशीर असावें, मधला भाग मोकळा असावा, हें युक्तच आहे. पाऊस संपल्यावर लहान घरानें भागतें, हेंही ग्रंथकारानें घनात्यय शब्दानें सुचविलें. आणि कोश, घोडे व स्त्रिया या तिहींस जें समान लागतें तें भिंती व छप्पर, म्हणजे बंदोबस्त व आडोसा. उपपत्ति म्हणतात ती हीच.

५

या ठिकाणीं दोन आक्षेप संभवतात. त्यांचा विचार केल्यावांचून पुढें जाणें योग्य होणार नाहीं.

पहिला आक्षेप शब्दशास्त्राचा. इंग्रजी ‘डेक’ शब्द डच भाषेंतून आला, व तेथें त्याचा मूळ अर्थ आच्छादन, छप्पर असा आहे. मग जें छप्पर तेंच पुढें पायाखालचें पृष्ठ झालें, तसेंच ‘मन्दिर’ शब्दाचें झालें नसेल कशावरून ? यास उत्तर असें कीं, इंग्रजी शब्दाचा तो प्रवास प्रयोगांवरून दाखवितां येतो. संस्कृत शब्दाचा तसा प्रवास दाखविणारा प्रयोग पुढें आलेला नाहीं. शिवाय भाषाशास्त्रज्ञ ‘डेक’चें नातें आच्छादन करणें या अर्थाच्या ज्या धातुकुलाशीं लावतात, त्या कुलांतला संस्कृत आप्त ‘स्थग्’ हा आहे. ‘मदि’शीं त्याचा संबंध नाहीं. भोजाच्या शब्दास आच्छादन हा मूळ अर्थच नव्हता, तेव्हां तेथून पृष्ठापर्यंतची वाट त्यास उपलब्धच नाहीं. पराया शब्दाचें चरित्र आपल्या शब्दास चिकटविणें हा कोशकाराचा मार्ग नव्हे.

दुसरा आक्षेप घोड्यांचा. घोडे न्यावयाचे म्हणजे भक्कम डेक हवाच, आणि सर्वमन्दिरा घोडे नेते. म्हणून ती सडेक असली पाहिजे, असें म्हणतात. या आक्षेपास मार्को पोलो यानें तेराव्या शतकांतच उत्तर देऊन ठेवलें आहे. होर्मुझ बंदरांतील शिवलेल्या जहाजांचें वर्णन करतांना तो म्हणतो कीं, त्यांस एक डोलकाठी, एक शीड व एक सुकाणू असतें आणि डेक मुळींच नसतो. माल भरल्यावर त्यावर कातडीं पसरतात, आणि त्या कातड्यांवर हिंदुस्थानांत विकावयाचे घोडे उभे करतात. म्हणजे डेक नसलेल्या जहाजांतून घोडे आमच्या बंदरांत येत होते. हाच व्यापार पुढेंही चालू राहिला. पंधराव्या शतकांत अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझहून घोड्यांच्या गलबतांत बसून चौलास उतरला. तेव्हां घोड्यांवरून डेक सिद्ध होत नाहीं.

याच मार्को पोलोची आणखी एक साक्ष आपल्या विषयास फार उपयोगी आहे. हिंदुस्थानाकडे येणाऱ्या चिनी जहाजांविषयीं तो लिहितो कीं, त्यांस डेक एकच असतो, पण त्यावर व्यापाऱ्यांसाठीं पन्नास साठ खोल्या असतात. डेक एक आणि खोल्या साठ ! दोन्ही वस्तु निरनिराळ्या मोजल्या. मध्ययुगांतल्या प्रवाशासही जो भेद दिसला तो आपण भाषांतरांत पुसावा, हें नवल आहे.

६

चित्रांचा पुरावा शब्दांच्या मागून यावा, पुढें नव्हे. तथापि तो येथें शब्दास अनुकूल आहे. अजिंठ्याच्या भिंतींवरील एका राजनौकेंत मध्यभागीं खांबांवर उभारलेला मंडप आहे, पुढें छत्र आहे, व दोन्ही टोकांस डोळे रंगविले आहेत. मुकर्जींनीं ही आकृति आपल्या ग्रंथांत घेतली आहे. अजिंठ्याचें हें चित्र भोजाच्या कित्येक शतकें आधींचें, म्हणून तीच मध्यमन्दिरा असें शिक्कामोर्तब करण्याची घाई नको. परंतु नौकेच्या मध्यावर घर उभारण्याची कल्पना या देशांत जुनी होती, इतकें तें निःसंशय सांगतें.

हा विचार केवळ पोथीपुरता राहिलेला नाहीं. अजिंठ्याच्याच दुसऱ्या नौकाचित्रावरून गोव्यास शिवणीच्या पद्धतीनें बांधलेली ‘कौण्डिन्य’ ही नौका मे २०२५ मध्यें कारवार येथें भारतीय नौदलांत दाखल झाली. चित्रावरून व ग्रंथावरून प्रत्यक्ष लांकडाची नौका बांधण्याचे दिवस आले असतां, आपल्या भाषांतरांतील एक सैल शब्द उद्यां कोणाच्या आराखड्यांत फळी होऊन बसेल, हें ध्यानांत घेतलें पाहिजे.

७

ही गल्लत मराठी वाचकाच्या मनांत कां रुजते, याचेंही कारण पाहावें. आमच्या मनांतील जुनें जहाज म्हणजे आंग्र्यांच्या आरमारांतील गुराब व गलबत. त्यांचें बारीक वर्णन रॉबर्ट ऑर्म यानें १७६३ सालीं छापलेल्या आपल्या इतिहासांत दिलें आहे. गुराबेच्या पुढील चोंचीवर भक्कम डेक असे, व तो मुख्य डेकच्या पातळींत असून मध्यें लांकडी आडभिंत असे. समोरून येणाऱ्या लाटांत गुराब फार आपटे, म्हणून चोंचीवरच्या डेकला कडा ठेवीत नसत, कीं पाणी वाहून जावें. आडभिंतीमागें, पुढच्या माळ्याखालीं मुख्य डेकवर मांडलेल्या दोन तोफा भिंतीच्या झरोक्यांतून चोंचीवरून मारा करीत. गलबतांविषयीं तो सांगतो कीं, बहुतेकांवर हलकेपणासाठीं चिरलेल्या बांबूंची तक्तपोशी असे व त्यांवर कांठावर फिरणाऱ्या लहान तोफाच चालत. मोठ्या गलबतांस मात्र पक्का डेक असून त्यावर सहा ते आठ तोफा असत.

या एका वर्णनांत पक्का डेक, बांबूंची तक्तपोशी, आडभिंत व तिच्यामागची झांकलेली जागा या चार वस्तु स्पष्ट वेगळ्या आहेत. अग्रभागीं बंदिस्त जागा असलेली लढाऊ गुराब पाहिली कीं अग्रमन्दिरेची आठवण होते, आणि गुराबेस डेक होता म्हणून अग्रमन्दिरेसही तोच चिकटवावा असा मोह पडतो. परंतु हें साम्य लढाऊ जहाजाच्या पुढच्या भागीं आडोसा सोयीचा असतो, एवढेंच दाखवितें. भोजाची नौका व आंग्र्यांची गुराब यांच्यामध्यें सातशें वर्षें आहेत, आणि त्यांत पोर्तुगीज व तोफा येऊन गेल्या आहेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतील आरमाराचें प्रकरण पाहावें: तेथें पांच गुराबा व पंधरा गलबतें मिळून एक सुभा सांगितला आहे, जहाजें मध्यम आकाराचीं असावीं व वाऱ्यावांचून ज्यांचें कांहीं चालत नाहीं अशीं थोर जहाजें करूं नयेत, असा उपदेश आहे. त्याचें वर्गीकरण युद्धाच्या सोयीवर उभें आहे. भोजाचें वर्गीकरण मापावर, शुभाशुभावर व मन्दिराच्या जागेवर. एकाचे चष्मे दुसऱ्यास लावूं नयेत.

खुद्द खलाशांनीं हा घोंटाळा केला नाहीं. अनेक बंदरांच्या लोकांत वाढलेल्या त्यांच्या मिश्र बोलींत डेकला ‘तूतक’ म्हणत व खोलीस ‘कमरा’. टॉमस रोबक यानें १८११ सालीं कलकत्त्यास प्रसिद्ध केलेला नाविक कोश या बोलीचा मोठा संग्रह आहे. जहाजावर जन्म घालविणाऱ्यानें तूतक व कमरा हे दोन शब्द वेगळे ठेवले. आपण पंडितांनीं ते एक करावे हें शोभत नाहीं.

८

निष्कर्ष मर्यादित आहे व तो तसाच घेतला जावा. भोजाच्या काळीं भारतीय नौकांस डेक नव्हता, असें येथें म्हटलेलें नाहीं. घर उभें करावयाचें तर त्यास जमीन लागते. तेव्हां मन्दिराखालीं कांहींतरी तक्तपोशी असली पाहिजे, हें अनुमान करण्यास हरकत नाहीं. दिवसा न जेवणारा देवदत्त लठ्ठ दिसतो, त्यावरून तो रात्रीं जेवतो हें कळतें. पण म्हणून ‘लठ्ठ’ शब्दाचा अर्थ ‘रात्रीं जेवणारा’ असा कोशांत लिहीत नाहींत. अर्थापत्तीनें मिळालेली वस्तु अभिधेच्या खात्यावर मांडूं नये. शिवाय ती तक्तपोशी सलग होती कीं तुटक, पक्की होती कीं सुटी, जहाजाच्या कुशींस बांधलेली होती कीं नुसती टेकविलेली, यांपैकीं कशाचाही उल्लेख या वर्गीकरणांत नाहीं. साठ हात उंचीची मन्थरा सांगणारा ग्रंथकार तक्तपोशीवरून एकही भेद करीत नाहीं.

म्हणून सूचना अशी कीं, या प्रकरणाचें मराठी भाषांतर करतांना ‘मन्दिर’ शब्दास घर, कमरा किंवा खोली यांपैकीं एक शब्द योजावा. सर्वमन्दिरा म्हणजे ‘सबंध लांबीभर घर असलेली नौका’ असें सरळ लिहावें. आणि ‘डेक’ हा शब्द त्याच पुराव्यासाठीं राखून ठेवावा, ज्यांत जहाजाचें पोट झांकणाऱ्या पृष्ठाचाच उल्लेख आहे. ज्या संग्राहकांजवळ ‘युक्तिकल्पतरु’ची पोथी असेल त्यांनीं नौकाप्रकरणांतील ‘सगृहा’ या पदाचा पाठ ताडून पाहावा. तेथें पाठांतर निघालें तर वरील विवेचनाचा पहिला आधार ढिला होईल, व तें प्रसिद्ध करणें हेंच शास्त्रास धरून होईल. पाठ कायम राहिला तर या वादास फारशी जागा उरूं नये. पूर्वजांचें दर्यावर्दी कर्तृत्व सिद्ध करण्यास त्यांच्या शब्दांत नसलेल्या फळ्या ठोकण्याची गरज नाहीं.